सुलट बाजूची गाठ

मला दिसत नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे मध्येच कुणी ‘अय्यो पाप’ करायला नको. मला ते मुळीच खपत नाही. लहानपणी संध्याकाळ झाली की दिसायचं बंद व्हायचं. मोठी झाले तसं दिवसाही समोरचं तेवढंच दिसायला लागलं, बाजूचं सगळं गेलं. आता गेली बारा वर्षं खिडकी कुठे नि भिंत कुठे एवढंच कळतं. डोळ्याच्या आतला पडदा वाळत जातो, जन्माचं आहे, औषध नाही. झालं. आता मुद्द्याचं बोलू.

मुद्दा म्हणजे आमचे हे. गुंडोराव. नाव घेतलं एकदा, पुन्हा घ्यायला लावू नका. चिकपेटमध्ये एका बोळात ह्यांचं शिंप्याचं दुकान आहे, आणि मल्लेश्वरममध्ये आमचं घर, तिथेही ओसरीत ह्यांचं एक पायमशीन आहेच. आमची माणसं साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे कन्नड मुलखात आली. आमच्यातले काही जण छाती फुगवून सांगतात की आमचे पूर्वज लढायला आले होते. हे म्हणतात, छे, तंबू शिवायला आले होते. फौज गेली परत, आम्ही राहिलो. पुण्याचे पाहुणे आमची मराठी ऐकून तोंडावर हात ठेवून हसतात. हसू द्या. साडेतीनशे वर्षं डब्यात भरून ठेवलेली आहे, स्वल्प वास येणारच.

ह्यांच्या कामाबद्दल काय सांगू? गिऱ्हाईक वैतागतं, पण सोडून जात नाही. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट असेल तर खिशावरचा पट्टा छातीवरच्या पट्ट्याला रेषेत मिळालाच पाहिजे, नाही मिळाला की हे अख्खा खिसा उसवणार. आणि ह्यांची सगळ्यात मोठी खोड म्हणजे उलट बाजू. कपड्याची आतली बाजूसुद्धा बाहेरच्यासारखी शिवायची. धागा लोंबता कामा नये, काठ दिसता कामा नये. मी म्हणायचे, “अहो, आतून कोण बघतंय?” तर म्हणायचे, “घालणारा बघतो.” घ्या. ह्यावर काय बोलणार!

आमचं लग्न ठरलं तेव्हा हे मला बघायला आले ते नेमके संध्याकाळी. माझ्या घरच्यांनी माझ्या डोळ्यांचं काही सांगितलं नव्हतं. मी कॉफीचा ट्रे घेऊन गेले आणि टेबल समजून सरळ ह्यांच्या मांडीवर ठेवला. वर चार पेले कॉफी! माझ्या आईने डोक्याला हात लावला असणार. ह्यांनी ट्रे सावरला, त्यातला एक पेला उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “आधी तू घे, कापतेस.” आठ दिवसांनी घरी एक पोलकं आलं, माझ्याच मापाचं. माप कधी घेतलं होतं? ट्रे मांडीवर पडेपर्यंतच्या तेवढ्या वेळात. पोलकं अंगात चपखल बसलं, आणि मी म्हटलं, सरी, ठरलं, हाच.

पुढे डोळे जास्तच बिघडले तेव्हा माझ्या कपड्यांचा घोळ व्हायला लागला. एकदा भाजीला गेले ते साडी उलटी नेसून. फॉल बाहेर, कडा बाहेर, सगळ्या मार्केटने बघितलं. मी घरी येऊन रडले, मग चिडले, मग भांडी आपटली. त्या दिवशी ह्यांनी कपाटातली माझी एकूण एक साडी, पोलकं, परकर बाहेर काढला आणि प्रत्येकाच्या सुलट बाजूला, कोपऱ्यात, रेशमी दोऱ्याची एक बारीक गाठ मारली. मोहरीएवढी. बघणाऱ्याला दिसत नाही, पण बोटाला बरोबर लागते. तेव्हापासून आमच्या घरात रोज सकाळी एकच प्रश्न असतो. “सुलट आहे ना?” मी गाठ चाचपते आणि म्हणते, “सुलट आहे.” आमच्या घरात सुलट आणि उलट हे शब्द कापडासाठी आहेत, दुसऱ्या कशासाठी नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे ह्याच्यावरूनच सगळं रामायण झालं.

आता शिवलीलाचं सांगते. वरच्या मजल्यावर पाच वर्षांपासून भाड्याने राहते. निपाणीकडची मुलगी, मराठी-कन्नड दोन्ही घडाघडा बोलते, आणि यशवंतपूरच्या अलीकडे एका संशोधन संस्थेत काम करते. काम काय, तर आंधळे उंदीर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, “अगं, माझ्या घरात एक आंधळी आहे ती पुरेना म्हणून तू अजून पाळतेस?” ती आधी घाबरली, मग इतकी हसली की तिला ठसका लागला. तेव्हापासून आमचं जमलं.

एकदा कॉफी पिताना तिने ह्यांना समजावून सांगितलं. “अण्णा, प्रत्येकाच्या पेशीत एक लांबलचक मजकूर असतोय बघा. शरीर कसं चालवायचं त्याचा. त्यातलं एखादं वाक्य जन्मापासूनच चुकलेलं असलं, की डोळ्याच्या पडद्यातल्या पेशींना उजेड ओळखता येत नाही. आमच्या उंदरांचं तसंच आहे. आम्ही काय करतोय, बरोबर वाक्य एका विषाणूत घालून पडद्यामागे टोचतोय. विषाणू निरुपद्रवी केलेला असतो, तो पेशीत शिरून ते वाक्य ठेवून देतो.”

ह्यांनी उरलेली कॉफी संपवली. मग म्हणाले, “म्हणजे रफू.”

“हो की! रफूच.”

“मग हिला?” ह्यांनी सरळच विचारलं. मी स्वतः कधी विचारलं नव्हतं.

शिवलीलाने पेला खाली ठेवला. माझं रक्त तिने दोन वर्षांपूर्वीच तपासून आणलं होतं. “अण्णा, खोटं कशाला सांगू? अक्कांचं चुकलेलं वाक्य वेगळं आहे. आम्ही काम करतोय ते दुसरं. आणि अक्कांच्या पडद्यात पेशीच फारशा उरल्या नाहीत. रफूला भोकाच्या कडा तरी धड लागतात ना?”

हे ‘हं’ म्हणाले. मला मात्र ती पोरगी त्या दिवसापासून जास्तच आवडायला लागली. गोड बोलून आशेला लावणारे डॉक्टर मी आयुष्यभर बघितलेत, बघितलेत म्हणजे ऐकलेत.

तर गेल्या जानेवारीत शिवलीला एकदा धापा टाकत खाली आली. उंदरांना दिसायला लागलं की नाही, हे तपासायचं त्यांचं परदेशी यंत्र बंद पडलं होतं, सुटा भाग यायला दोन महिने लागणार होते. आणि इकडे पुढच्याच्या पुढच्या सोमवारी बैठक होती. उंदरांना दिसतंय असं त्या बैठकीत दाखवता आलं तर काम पुढे जाणार, नाही दाखवता आलं तर बंद. चार वर्षांचं काम! आवाजावरून कळत होतं की पोरीने सकाळपासून काही खाल्लेलं नाही. मी आधी तिच्यापुढे चित्रान्न ठेवलं, लिंबाचा भात.

तपासायची रीत सोपी असते म्हणे. उंदराला मधोमध एका छोट्या ओट्यावर बसवायचं, आणि त्याच्या भोवती काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचं एक पिंप हळूहळू फिरवायचं. ज्याला दिसतं तो उंदीर पट्ट्यांबरोबर मान वळवतो, त्याला राहवतच नाही. ज्याला दिसत नाही तो ढिम्म.

“पूर्वी लोक हातानेच बनवायचे असलं पिंप,” ती म्हणाली. “मी मोटर लावून बघितली, पण मोटरच्या गुणगुणीने उंदीर बिचकून जागचे हलत नाहीत.”

“मिनिटाला किती फेऱ्या?” ह्यांनी विचारलं.

“दोन. पण एकसारख्या, कमी नाही, जास्त नाही.”

“कापड कुठलं घ्यायचं?” हे म्हणाले. झालं, मी ओळखलं. आता चिकपेटमधले लग्नाचे ब्लाउज पडून राहणार.

पाच दिवस हे दुसरं काही बोलले नाहीत. काळं-पांढरं सुती कापड आणलं, दीड-दीड इंचाच्या पट्ट्या कापल्या, जोडल्या आणि पिंपाची खोळ शिवली. सवयीप्रमाणे दोन्ही बाजूंनी सारखी, आत कुठली नि बाहेर कुठली कुणाला कळू नये अशी. मग ती तारेच्या दोन कड्यांत ताणून बसवली. दुकानातल्या जुन्या पायमशीनचा वरचा भाग काढून खालचं चाक आणि पायाची फळी घेतली, एक मोठं चाक मध्ये घातलं, चामड्याची वादी पीळ देऊन पिंपाला जोडली, सगळीकडे तेल घातलं. मला म्हणाले, “ऐक, मांजरीच्या पावलासारखं चालतंय.” मी म्हटलं, “उंदरांसमोर हे बोलू नका.”

आता हे चालवणार कोण? पायाने दोन फेऱ्यांचा वेग तासन्‌तास धरून ठेवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. संस्थेने ह्यांना फोटोचं कार्ड दिलं, त्यावर तात्पुरते तांत्रिक साहाय्यक असं लिहिलेलं. अंगात घालायला निळा गाऊन आणि डोक्याला टोपी दिली. घरी येऊन पहिलं वाक्य काय, तर “बगलेत शिवण इतकी ढिली आहे, लाज वाटते घालायला!”

काम असं होतं. हे पिंपाच्या खोलीत बसणार. शिवलीला शेजारच्या खोलीत पडद्यावर बघणार. कॅमेऱ्यात फक्त ओटा आणि उंदीर दिसायचा, पट्टे मुद्दामच दिसू द्यायचे नाहीत, म्हणजे बघणाऱ्याच्या मनात असेल ते डोळ्यांना दिसायला नको. वीस उंदरांपैकी कुणाला टोचलंय, कुणाला नाही, हेही तिला माहीत नव्हतं. ती यादी तिच्या सरांनी पाकिटात बंद करून ठेवलेली. मला ही रीत फार आवडली. आमच्या नातेवाईकांनाही असं एखादं पाकीट द्यायला पाहिजे.

आणि आमच्याच ओसरीत बसून तिने ह्यांना सांगितलं, “अण्णा, सकाळी वीसच्या वीस उंदरांसाठी सुलट फिरवायचं. जेवण झालं की वीसच्या वीसांसाठी उलट फिरवायचं. एवढंच.”

“सरी,” हे म्हणाले. मी शेंगा सोलत होते, मीही ऐकलं. मलाही त्यात काही खटकलं नाही.

बुधवारी सकाळी निघताना मी ह्यांना दारात अडवलं. “माझ्यासाठी जाताय का? माझं होणार नाही, तिने सांगितलंय.”

“तुझं नाही हे मला कळतं. शिंपी आहे, खुळा नाही,” हे चपला घालता घालता म्हणाले. “कुणाच्या तरी बायकोचं होईल की.”

मी गप्प बसले. असं वर्षातून एखाददा होतं.

पहिल्या दिवशी चांगले डोळस असे दोन उंदीर बसवून बघितले. दोघांनीही मान वळवली, सकाळीही आणि दुपारीही. शिवलीला येताना जिलबी घेऊन आली. पिंप चालतंय! मग गुरुवारपासून ते वीस. गुरुवारी काही नाही. शुक्रवारी काही नाही. शनिवारी हे घरी आले आणि पाय न धुता तसेच खुर्चीत बसले. शिवलीला कॉफीला खाली आलीच नाही. मी कठडा धरून वर गेले. दार उघडंच होतं, आणि आतून नाक ओढल्याचा आवाज येत होता.

“एकाने म्हणून मान वळवली नाही, अक्का,” ती म्हणाली. “वीसपैकी एकानेही नाही. सुलट नाही, उलट नाही. परवा बैठक. काय दाखवू? काम बंद होणार, उंदीरही ठेवणार नाहीत.”

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मला त्या उंदरांचा राग आला, खरंच आला. एक मान वळवायला काय जातं मेल्यांचं?

“उद्या रविवार आहे, एकदा शेवटचं करा,” मी म्हटलं. “आणि मी येणार आहे. डबा घेऊन.”

रविवारी सकाळी आम्ही तिघं संपिगे रोडवरून मेट्रोत बसलो. मला स्टेशनं मोजावी लागत नाहीत. साबणाच्या कारखान्याचं स्टेशन आलं, दार उघडलं की चंदनाचा वास आत येतो, मग पुढचं यशवंतपूर.

मला शिवलीलाशेजारी खुर्ची दिली. ह्यांच्या खोलीतला आवाज एका छोट्या स्पीकरमधून आमच्याकडे येत होता. सकाळभर मी ऐकत बसले. फळीचा दबका ठेका, तेलातलं चाक, आणि मधूनमधून वादीच्या जोडाचं ‘टुक’. चामड्याच्या वादीची दोन टोकं तारेने जोडलेली असतात, तो जोड चाकावरून गेला की टुक होतं. पंचेचाळीस वर्षं हा आवाज ऐकत मी भाजी चिरलीय. वीस उंदीर झाले. शिवलीला प्रत्येक वेळी नुसतं “नाही” म्हणायची आणि लिहायची.

मग आम्ही जेवलो. हे चार घास खाऊन उठले. “जरा उलट करून ठेवतो,” म्हणाले आणि गेले.

दुपारचं सुरू झालं. ठेका, चाक, टुक. मी ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग म्हटलं, “शिवलीला, हे उलट चाललंय का?”

“हो की, अक्का. दुपारचं उलट असतंय.”

“नाही.”

“काय नाही?”

“उलट नाही. सुलटच चाललंय. अगं, त्या तारेचं टोक एका बाजूला दुमडलेलं असतं. चाक उलट गेलं तर ते खरवडतं, खर्र करतं. आमच्या ओसरीतल्या मशीनचं चाक कुणी चुकून उलटं मारलं की मला घरात आतल्या खोलीत कळायचं, कारण पाठोपाठ ह्यांच्या शिव्या यायच्या. आज एकदाही खर्र झालं नाही. सकाळपासून नुसतं टुक.”

मग तिने माईक ओढला. “अण्णा? उलट फिरवलंय ना?”

“फिरवलंय की,” स्पीकरमधून हे म्हणाले. “चांगलं झटकून फिरवलंय.”

“झटकून?” मी म्हटलं. “चाक कुणी झटकतं का?”

आम्ही दोघी उठून त्या खोलीत गेलो. मी पिंपाच्या कडेवरून हात फिरवला आणि खोळीच्या आतल्या अंगाला शिवणीजवळ माझ्या बोटाला लागली गाठ. मोहरीएवढी, रेशमी. म्हणजे सुलट बाजू आत गेली होती.

“अहो!” मी ओरडले. “तुम्ही खोळ उलटी केलीत?”

“मग? तीच म्हणाली ना, जेवण झालं की उलट फिरवा म्हणून. रोज फिरवतोय. सगळे हूक काढायचे, खोळ फिरवायची, परत ताणायची, अर्धा तास जातो. म्हणून तर चार घास खाऊन उठतो मी!”

“अण्णा,” शिवलीलाचा आवाज कसातरीच आला, “कापड नाही हो. चाक. चाक उलट फिरवायचं होतं.”

“चाक उलट?” ह्यांना ते पटेचना. “चाक उलट फिरवलं तर दोरा तुटतो!”

“अण्णा, इथे दोरा कुठे आहे?”

मला जे हसू फुटलं ते आवरेना. ती हसायला लागली, रडतही होती आणि कपाळावर हात मारत होती. “चुकी माझी आहे! ते डोळस उंदीर दोन्ही वेळा एकाच बाजूला मान वळवत होते, आणि मी खुळी नुसतं ‘वळवली’ एवढंच लिहीत बसले!” मग तिने आम्हाला सांगितलं, तेव्हा मला खरा पेच कळला. टोचलेलं होतं फक्त उजव्या डोळ्यात, डावा तुलनेसाठी तसाच ठेवलेला. आणि उंदराच्या प्रत्येक डोळ्याला शेपटीकडून नाकाकडे येणारे पट्टेच ओढतात. पिंप सुलट फिरलं की डाव्या डोळ्याची परीक्षा, उलट फिरलं की उजव्याची. म्हणजे चार दिवस आम्ही नुसत्या डाव्या डोळ्यालाच विचारत बसलो होतो. उजव्याला कुणी विचारलंच नव्हतं!

हे मात्र हसले नाहीत. “पोरी, मी तुझे चार दिवस घालवले,” म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की माझं हसू तिथेच थांबलं.

“अजून दुपार आहे की अण्णा,” ती म्हणाली. “बसा.”

पण पाय ऐकतो का? पंचेचाळीस वर्षं एका दिशेला चाललेला पाय. हे हाताने चाक मागे ढकलायचे, दोन पावलं नीट पडायची, आणि पाय आपोआप सरळ वळणावर यायचा. टुक. “श्शी!” पुन्हा मागे. पुन्हा टुक. मी पलीकडून स्पीकरला कान लावून बसले होते, जरा चुकलं की माईकमध्ये ओरडायचे, “अहो, सुलट झालं!” शेवटी ह्यांनी चप्पल काढली, डावा पाय पुढे घेतला, आणि मला ऐकू आलं. खर्र. थोड्या वेळाने पुन्हा खर्र. एकसारखं. तोपर्यंत आयुष्यात हा आवाज मला कधी गोड लागला नव्हता.

पहिला उंदीर. “नाही,” शिवलीला म्हणाली. दुसरा. “नाही.” तिसऱ्याला ती काहीच बोलली नाही. मी वाट बघितली. तरी बोलेना.

“अगं, काय झालं?”

तिने माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की कळ आली. “वळवतोय,” ती कुजबुजली. “अक्का, वळवतोय मान. थांबला. परत वळवतोय.”

मला ओरडायचं होतं, पण आवाजाने उंदीर बिचकेल म्हणून मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. खरंच कोंबला.

वीस उंदीर होईपर्यंत पाच वाजले. नऊ जणांनी मान वळवली होती. मी विचारलं, “त्या खर्रखर्रला वळत असतील तर?” शिवलीला म्हणाली, “म्हणून तर पाकीट आहे, अक्का. आवाजाने वळायचं असतं तर न टोचलेलेही वळले असते.” तिने सरांना फोन लावला, ते म्हणाले उघड. कागद फाडल्याचा आवाज आला. ती एकेक नंबर वाचत गेली, आणि वाचता वाचता तिचा आवाज चढत गेला. बारा उंदरांना टोचलं होतं. मान वळवणारे नऊच्या नऊ त्या बारांतले. आणि न टोचलेल्या आठांपैकी एकानेही मान हलवली नव्हती. तिने किंकाळीच मारली. फोनवर तिचे सरही काहीतरी ओरडत होते. ती मला धरून गरागरा फिरायला लागली, आणि मी म्हणत होते, “अगं, सोड, पडेन मी, सोड,” आणि मला मुळीच सोडायला नको होतं.

मग दार वाजलं. हे आले. अनवाणी, चालण्यावरून कळलं. “झालं का?” म्हणाले.

“झालं, अण्णा! नऊ! नऊ जणांना दिसतंय!”

हे तिथेच उभे राहिले. ह्यांचा श्वास लागलेला मला ऐकू येत होता. मी म्हटलं, “तुम्ही बघितलं का हो, मान कशी वळवतात ते?”

“शेवटचा बघितला. पिंपाच्या कडेवरून वाकून.”

“कसा वळवत होता? मला सांगा.”

ह्यांना बोलून कधी काही सांगता आलंय? हे माझ्याजवळ आले. सुईने खरखरीत झालेली दोन बोटं माझ्या हनुवटीखाली ठेवली, आणि माझा चेहरा हळूहळू वळवला. उजवीकडून डावीकडे, थांबत थांबत, मिनिटाला दोन फेऱ्यांच्या वेगाने. मग पुन्हा जागेवर आणला आणि पुन्हा वळवला.

“अशी,” हे म्हणाले.

“दिसली,” मी म्हटलं. आणि खरंच दिसली, छोटं डोकं, दोन कान, भोवती फिरणारे पट्टे, सगळं. माझे डोळे भरून आले. मग मला माझाच राग आला आणि मी म्हटलं, “आता पायात चपला घाला आधी, लोक काय म्हणतील! आणि डब्यात दहीभात उरलाय, तो संपवा. चार घास खाऊन उठायचं कारण आता उरलं नाही.”